रविवार ठरलेली सकाळ

मित्रांनो, मी एक जुनी हार्ड डिस्क आहे. एवढे मी खात्रीने सांगू शकते. पुढचे काही विचाराल तर माझा गोंधळ उडतो. माझ्या पाठीवरच्या पट्टीवर माझे जन्मवर्ष छापलेले आहे, पण माझ्या पोटात त्याच्याही आधीचे फोटो आहेत. कोणीतरी जुन्या डिस्कवरचे फोटो माझ्यात आणून ओतले, म्हणून असे झाले म्हणतात. तरीही माझ्या आठवणी माझ्याहून थोरल्या कशा, हे मला अजून नीट उलगडलेले नाही.

सध्या मी अपियात, म्हणजे आमच्या बेटांच्या राजधानीत, एका वर्तमानपत्राच्या कचेरीत, कपाटाच्या सगळ्यात खालच्या खणात असते. शेजारी शाई वाळलेली पेने आहेत, कॅमेऱ्यांची बिनकामाची झाकणे आहेत आणि कोकोचा एक रिकामा डबा आहे. आम्हा सगळ्यांना इथे कोणी आणि का ठेवले, हे आमच्यापैकी कोणालाच ठाऊक नाही.

माझा जन्म कुठल्या देशात झाला तेही धड सांगता येत नाही. पाठीवर एका देशाचे नाव आहे, खोक्यावर दुसऱ्याचे होते. हातमोजे घातलेल्या हातांनी माझ्या पोटात चकचकीत तबकड्या बसवल्या, झाकण लावले आणि मग बराच काळ नुसता अंधार होता. जहाज, बंदर, दुकान. मग एके दिवशी खोके उघडले आणि एका बाईचा आवाज आला, "ये बाई, ये. तुझ्यावाचून माझं सगळं अडलंय." ती मोएलागी. आमच्या वर्तमानपत्राच्या फोटो विभागाची ती प्रमुख होती, आणि खरे सांगायचे तर त्या विभागात तिच्याशिवाय दुसरे कोणी नव्हतेच.

मला डोळे नाहीत. माझ्यात उतरलेले फोटो हीच माझी नजर. ऐकू मात्र सगळे येते, आणि मोएलागीच्या टेबलावर ऐकण्यासारखे पुष्कळ असायचे. रोज कॅमेऱ्यातले कार्ड यायचे आणि शेकडो फोटो माझ्यात उतरायचे. मोएलागी त्यांतले मोजके निवडायची, कडा कापायची, तिरका समुद्र सरळ करायची, अंधारलेले चेहरे जरा उजळायची आणि फोटोखालची ओळ लिहायची. प्रत्येक फोटो माझ्यात तीनदा असायचा. एक मूळ, एक कापलेला, एक छापलेला. त्यातही कधी नावात 'शेवटचा' असायचे, तर दुसऱ्याच्या नावात 'खरंच शेवटचा'. एकाच माणसाचे तीन तीन चेहरे पोटात घेऊन मी बसलेली असे आणि यातला खरा कोणता, असा विचार करून माझ्या तबकड्या गरगरत.

मोएलागीला त्यात काही गोंधळ वाटत नसे. तिचा एकच कडक नियम होता. फोटोत काही घालायचे नाही, फोटोतून काही पुसायचे नाही. एकदा आमच्या फोटोग्राफरने, एतुआतीने, किनाऱ्याचा एक फोटो आधीच साफसूफ करून दिला होता. मोएलागीने मूळ फोटो उघडून शेजारी ठेवला.

"एतुआती, इथली बाटली कुठं गेली?"

"कुठली बाटली, ताई?"

"वाळूत पडली होती ती. मूळ फोटोत आहे, तू दिलेल्यात नाही. समुद्रानं गिळली?"

"घाण दिसत होती, म्हणून जरा पुसली."

"मग किनाऱ्यावर जाऊन उचलायची. फोटोतून उचलायची नाही."

एतुआती हसला, पण बाटली परत आली. तो उंच, हसरा आणि विसराळू होता. पाकीट विसरायचा, जेवण विसरायचा, पण कॅमेरा कधी विसरला नाही.

आमचे संपादक तुइलोमा. गावाकडे ते प्रमुखांपैकी एक, मानाची पदवी असलेले, त्यामुळे कचेरीतही ते बसले की सभाच भरल्यासारखे वाटे. माझ्यावर त्यांचा राग होता. मी भरत आले होते आणि नवी डिस्क घ्यायला त्यांचा जीव होत नव्हता.

"मोएलागी, छापलेले ठेव, बाकीचे काढून टाक," ते म्हणायचे. "खोबरं खाल्ल्यावर करवंटी कोण जपून ठेवतं?"

"सभेत आवा कशातून पिता, साहेब?"

यावर कचेरीत खसखस पिकली. ते मानाचे पेय करवंटीतूनच पितात ना! पुढच्या आठवड्यात मात्र तुइलोमांनी तोच विषय पुन्हा काढला. मला हे कळत नसे. आज ज्या फोटोवर इतकी मेहनत घेतली तो उद्या फेकायचा कसा, आणि फेकायचाच तर काढायचा कशाला? मी मनातून घाबरलेली असे. मोएलागी मात्र 'करते, करते' म्हणत राहिली आणि मूळ फोटो माझ्यात तसेच राहिले.

मित्रांनो, आता मी तुम्हांला त्या दिवसांची गोष्ट सांगते, जेव्हा वर्षाअखेरीस आमच्या देशाने एक शुक्रवार टाकून दिला. तुम्हांला वाटेल डिस्क म्हातारी झाली, बरळते आहे. पण हे खरे आहे. आमची बेटे दिवसाच्या एका टोकाला होती आणि ज्या देशांशी आमचा व्यापार ते दुसऱ्या टोकाला. आमच्याकडे शुक्रवार असला की त्यांच्याकडे शनिवारची सुट्टी. मग सरकारने ठरवले की आपण पलीकडे उडी मारायची. डिसेंबर संपता संपता लोक गुरुवारी रात्री झोपले आणि शनिवारी सकाळी उठले. मधला शुक्रवार कुठे गेला हे मी पुष्कळ शोधले. माझ्याकडे गुरुवारचे फोटो आहेत, शनिवारचे आहेत, मध्ये काही नाही. ज्यांचा त्या दिवशी वाढदिवस होता त्यांनी काय केले, कोण जाणे. रविवारऐवजी शनिवारी चर्चला जाणारे शेजारी तर देवाचा शनिवार आता कोणता, यावरून घराघरांत भांडत होते.

आमच्याजवळचीच काही बेटे मात्र अमेरिकेच्या अमलाखाली आहेत. ती जुन्या दिवसातच राहिली. तिथल्या पागो पागो गावी एतुआतीची होणारी बायको होती. अपियाहून लहान विमानात बसले की पाऊण तासात माणूस तिथे, आणि तिथे कालचा दिवस. एतुआती दोन देशांतल्या सामन्यांचे फोटो काढायला म्हणून जायचा आणि तिला भेटून यायचा.

"आलास का कालच्यातून?" मोएलागी त्याला चिडवायची. "लग्नाला तरी वेळेवर जा. नाहीतर आदल्या दिवशी पोचशील आणि कंटाळून परत येशील."

तिकडे गेला की तो कॅमेऱ्यातली तारीख एक दिवस मागे घ्यायचा, परत आला की पुढे करायचा. कॅमेरा प्रत्येक फोटोच्या पोटात तारीख आणि वेळ लिहून ठेवतो, आणि आम्ही डिस्का त्या तारखेनेच फोटो रांगेत लावतो. एतुआती आला-गेला की माझ्या रांगेचा विचका व्हायचा. निघतानाचा फोटो पोचल्यानंतरचा दिसायचा. त्याला इथून निरोप देणारे लोक तिथे त्याचे स्वागत करणाऱ्या मुलीच्या नंतर यायचे. मी तक्रार कुणाकडे करणार?

नव्या वर्षाचा फेब्रुवारी लागला आणि तो फोटो माझ्यात आला.

एतुआती पागो पागोहून परत आल्यावर शनिवारी दक्षिण किनाऱ्यावर आईकडे गेला होता. रविवारी तिथेच जेवला, राहिला आणि सोमवारी कचेरीत परतला. रविवारी आणि सोमवारी, दोन्ही सकाळी लवकर उठून तो किनाऱ्यावर फिरला होता. कार्ड माझ्यात रिकामे झाले तेव्हा मोएलागी एका फोटोवर थांबली. गुडघाभर पाण्यात एक म्हातारा उभा होता, हात पसरलेले, जाळे हवेत उघडलेले, मागून नुकते वर आलेले ऊन.

मग ती कामाला लागली. समुद्र किंचित तिरका होता, तो सरळ केला. फोटोच्या उजव्या कडेला किनाऱ्यालगतचा रस्ता येत होता, विजेचा खांब होता, काही माणसे चालत होती. त्याने फोटो गचाळ दिसत होता. तिने ती कड कापून टाकली. राहिला तो म्हातारा, जाळे आणि पाणी. खाली ओळ लिहायची तर तारीख हवी, म्हणून तिने कॅमेऱ्याने लिहिलेली तारीख वाचली आणि लिहिले, 'दक्षिण किनारा, ५ फेब्रुवारीची सकाळ.' वार तिने मोजला नाही. त्या दिवसांत वार मोजायचा सगळ्यांनाच कंटाळा आला होता.

फोटो पहिल्या पानावर छापला गेला. काय कौतुक झाले! लोकांचे फोन आले, एका हॉटेलने मोठी प्रत मागितली, तुइलोमांनी एतुआतीच्या पाठीवर अशी थाप मारली की तो खोकला. मी टेबलाच्या कोपऱ्यात गुणगुणत होते. तो फोटो माझ्या पोटातला होता, म्हणून मीही फुशारले होते.

त्याच आठवड्यात, गुरुवारी, तो म्हातारा कचेरीत आला. त्यांचे नाव इओपु. चर्चमध्ये ते सेवक होते, पुढच्या बाकावर बसणाऱ्यांपैकी. बरोबर त्यांची मुलगी वाओइता होती. वर्तमानपत्राची घडी तिच्या हातात होती. तिने ती टेबलावर पसरल्याचा आवाज मी ऐकला.

"हा मीच," म्हातारबाबा म्हणाले.

"हो बाबा! फार सुंदर आलाय," मोएलागी म्हणाली. "बसा ना. प्रत हवीय का?"

"प्रत नको. वार बदलून द्या."

मोएलागीला काही कळले नाही. मलाही नाही.

"पाच तारखेला रविवार होता," वाओइता म्हणाली. "आमच्या गावात रविवारी समुद्रात पाय घालायचीसुद्धा बंदी आहे. आणि तुम्ही माझ्या बापाला रविवारी जाळं टाकताना छापलंय. पहिल्या पानावर."

"पण मग रविवारी..."

"रविवारी बाबांना ताप होता. चर्चला गेले नाहीत, अंथरुणात होते. मी सांगितलं सगळ्यांना. गाव म्हणतं, तापाचं सोंग करून मासे मारायला गेला. सोमवारी बरं वाटलं तेव्हा गेले होते हो ते! सोमवारी!"

गावसभेने इओपुबाबांना दंड ठोठावला होता. एक मोठी डुकरीण आणि डबाबंद मासळीची खोकी. शनिवारपर्यंत दंड आणून ठेवायचा, नाहीतर घर सोडून गावाबाहेर जायचे.

"मी म्हटलं, देऊन टाकू डुकरीण," वाओइता म्हणाली. "तर ऐकत नाहीत."

"दिली की मी केलं असं होतं," म्हातारबाबा म्हणाले.

आवाज ऐकून तुइलोमा आपल्या खोलीतून बाहेर आले. त्यांनी सगळे ऐकून घेतले, मोएलागीच्या संगणकावरची तारीख स्वतः पाहिली आणि समजुतीच्या सुरात म्हणाले, "बाबा, माणूस विसरतो. वय झालं की एखादा दिवस इकडचा तिकडं होतो. कॅमेऱ्याला काय, तो यंत्र आहे. त्याला खोटं बोलून काय मिळणार?"

"तुइलोमा," म्हातारबाबा म्हणाले, "एक दिवस सरकारनं नेला. तो मी दिला, सगळ्यांचाच गेला. हा दुसरा तुम्ही नेताय. हा माझ्या एकट्याचा आहे."

एतुआतीला बोलावले. त्याने फोटो पाहिला, पुन्हा पाहिला.

"दोन्ही सकाळी मी तिथं होतो," तो म्हणाला. "दोन्ही दिवशी असंच ऊन होतं. ताई, आईशपथ, मला आठवत नाही. कॅमेऱ्यात असेल तेच खरं असणार ना?"

वाओइताने वर्तमानपत्राची घडी केली. बापलेक निघाले. दाराशी म्हातारबाबा थांबले आणि अगदी हळू विचारले, "वाओइता, सोमवारच होता ना ग?"

तिला उत्तर द्यायला क्षणभर उशीर झाला. "सोमवारच होता, बाबा."

मित्रांनो, मला त्या क्षणी फार वाईट वाटले. स्वतःच्या पायांवर उभा असलेला माणूस, आणि माझ्या पोटातल्या एका आकड्यामुळे त्याला आपलाच दिवस मुलीला विचारावा लागला. पण मी तरी काय सांगणार होते? माझ्याकडे त्या फोटोच्या दोन तारखा होत्या. कॅमेऱ्याने लिहिलेली एक, आणि तो माझ्यात उतरला तेव्हाची दुसरी. एक रविवार म्हणत होती, एक सोमवार. रविवारी काढून सोमवारी उतरवला असेल, असेही होऊ शकत होते. मला तर वाटू लागले की दोन्ही खरे आहेत.

ते गेल्यावर मोएलागीने कापलेला फोटो बंद केला आणि मूळ फोटो उघडला. म्हातारा, जाळे, पाणी. मग उजवीकडचा रस्ता, खांब आणि तिने नीट न पाहिलेली चालणारी माणसे. तिने तो भाग मोठा केला. ती माणसे नव्हती. मुले होती. सगळ्यांच्या कमरेला गुंडाळलेले लावालावा एकाच निळ्या रंगाचे, पाठीवर दप्तरे.

"साहेब, इकडे या."

तुइलोमा आले. "मुलं आहेत. मग?"

"शाळेत चाललीत."

"रविवारची चर्चची शाळा असेल."

"चर्चच्या शाळेला पोरं पांढऱ्यात जातात. हातात बायबल असतं. दप्तर कोण नेतं? आणि शाळा या सोमवारी उघडली, साहेब. पाच तारखेला एकाही पोराच्या अंगावर गणवेश नव्हता."

मग मोएलागी म्हणाली, "एतुआती, कॅमेरा दे. आज वार कोणता?"

"गुरुवार."

"तुझा कॅमेरा बुधवार म्हणतोय."

खुर्ची कुरकुरली. एतुआती बसला होता. "पागोहून आलो," तो म्हणाला, "आणि तारीख पुढं करायची राहिली." त्याचा हसरा आवाज कुठल्या कुठे गेला होता.

"तू घड्याळ विसरलास आणि मी रस्ता कापला," मोएलागी म्हणाली. "बाटली पुसली म्हणून तुला बोलले होते मी. सबंध रस्ता कापताना मला काहीच वाटलं नाही."

मला यावर पुष्कळ विचार करावा लागला आणि अजूनही उत्तर मिळालेले नाही. कड कापणे हे तर रोजचेच काम. सगळेच फोटोवाले करतात, त्यात कोणी काही पुसत नाही की घालत नाही. मग ते खोटे कसे झाले? आणि खोटे नव्हते म्हणावे, तर म्हाताऱ्याचे घर का सुटत होते?

तुइलोमा येरझाऱ्या घालत होते. "उद्या आतल्या पानावर दुरुस्ती देऊ," ते म्हणाले. "दोन ओळींची."

"चूक पहिल्या पानावर आणि माफी आतल्या?"

"मग काय करू? चटई डोक्यावर घेऊन बसू त्यांच्या दारात?"

ते रागानेच म्हणाले होते. पण म्हटल्यावर त्यांच्या येरझाऱ्या थांबल्या. आमच्याकडे मोठा अपराध झाला की अपराध्याच्या घरचा प्रमुख पहाटे त्या दारात जाऊन बसतो, डोक्यावरून बारीक विणीची मानाची चटई पांघरतो, आणि घरातल्यांनी ती उचलेपर्यंत हलत नाही. उचलली तर क्षमा झाली. त्याला इफोगा म्हणतात. वर्तमानपत्राच्या छापील तारखेसाठी असे कोणी बसल्याचे मी तरी ऐकले नव्हते.

"घरची चटई आहे माझ्याकडे," तुइलोमा म्हणाले. "आजीची."

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत आम्ही दक्षिण किनाऱ्यावर पोचलो. आम्ही म्हणजे तुइलोमा, मोएलागी, एतुआती, आणि मोएलागीच्या पिशवीत तिचा लहान संगणक आणि मी. मी आयुष्यात पहिल्यांदा टेबल सोडले होते. गाडी थांबली, पायाखाली खडी वाजली, मग तिघेही खाली बसले आणि आमच्यावर काहीतरी जड, मऊ, जुन्या कपाटाचा वास असलेले पडले. माझ्याइतका गोंधळलेला जीव त्या चटईखाली दुसरा नसेल. मला कशासाठी आणले होते? तार जोडलेली नाही, काम नाही, आणि तीन माणसांच्या श्वासांत मी घुसमटत होते.

"साहेब, तुमचं कोपर," एतुआती कुजबुजला.

"गप बस."

"बाहेर कोणी आहे का?"

"कोंबडा आहे. ऐकू येत नाही का?"

"पूर्वी म्हणे चटईवर दगड पडायचे."

"एतुआती, तू अजून एक शब्द बोललास तर मीच घालीन."

मग मोएलागी म्हणाली, "कॅमेरा कुठंय तुझा?"

"कचेरीत ठेवलाय."

"विसरलास?"

"नाही," एतुआती म्हणाला. "ठेवून आलो."

बाहेर घर जागे झाले. वाओइताचा आवाज आला, "बाबा, ते आलेत."

"दिसलं."

"चटई घेऊन बसलेत."

"दिसलं म्हटलं ना. मला जाळं वाळत घालू दे आधी."

आणि त्यांनी खरोखरच जाळे वाळत घातले. एकेक टोक बांधल्याचे आम्हांला ऐकू येत होते. ऊन चढले. चटईखाली घामाचा वास पसरला. तुइलोमांचे गुडघे भरून आले असावेत, ते दात दाबून श्वास घेत होते. गावातली माणसे जमली होती, मुले हसत होती आणि कोणीतरी मोठे माणूस त्यांना दटावत होते. म्हातारबाबा कोकोचा पेला हलवत बसले होते, त्यातल्या चमच्याची किणकिण ऐकू येई. मला वाटले, हे आता कधीच उठणार नाहीत. उद्या शनिवार, म्हाताऱ्याचे घर जाणार, आणि मी या चटईखाली सडणार.

मग पावले आली. चटई उचलली गेली.

तुइलोमांची मान खाली होती, हे मला नंतर मोएलागीच्या बोलण्यातून कळले.

"आज वार कोणता?" इओपुबाबांनी विचारले.

आमच्या संपादकांना सभेत बोलताना कधी शब्द शोधावा लागला नव्हता. त्या दिवशी लागला.

"तुम्ही सांगाल तो, बाबा."

म्हातारबाबांनी चटईची घडी केली. "शुक्रवार," ते म्हणाले. "उठा आता. कोको झालाय."

घर चारी बाजूंनी उघडे होते, त्यामुळे सगळा गाव आत काय चालले आहे ते पाहत होता. गावप्रमुखांना बोलावून आणले. मोएलागीने मला संगणकाला जोडले आणि मूळ फोटो उघडला. तिने कॅमेऱ्याच्या तारखेचे समजावायला सुरुवात केली, पागो पागो, काल, आज, आणि प्रमुख म्हणाले, "हे मला नको सांगू, माझं डोकं दुखतं." ते पडद्यावर वाकले. बोट फिरत फिरत रस्त्यावर आले आणि थांबले.

"हा तर आमचा पोरगा!"

"कोण?"

"माझा नातू. आणि हे काय, चपला हातात? नव्या चपला घेऊन दिल्या होत्या पहिल्या दिवशी शाळेत घालून जायला! मला म्हणाला, घालून गेलो होतो. ए, कुठंय तो? बोलवा त्याला!"

लोक हसायला लागले. प्रमुखांच्या लक्षात आले की आपण काय बोललो. शाळेचा पहिला दिवस सोमवार होता आणि ते त्यांनी स्वतःच्याच तोंडाने सांगितले होते. ते इओपुबाबांकडे वळले. "डुकरीण तुझ्याच दारात बांधलेली राहू दे, इओपु," ते म्हणाले, "आणि रविवारी पुढच्या बाकावर ये." वाओइता रडायला लागली.

निघताना तुइलोमांनी विचारले, "बाबा, तुमच्यासाठी आम्ही काय करू?"

"पुन्हा छापा," म्हातारबाबा म्हणाले. "रस्ता ठेवून."

फोटो पुन्हा पहिल्या पानावर छापला गेला, रस्त्यासकट, खांबासकट, चपला हातात घेतलेल्या पोरासकट. खाली वार लिहिला होता. तो फोटो आधीइतका सुंदर नव्हता, हॉटेलवाल्याने पुन्हा फोन केला नाही. मोएलागीने मात्र तेव्हापासून तारीख कॅमेऱ्याला विचारणे सोडले. ती फोन लावून फोटोतल्या माणसाला विचारायची. आणि मूळ फोटो काढून टाका, असे तुइलोमा पुन्हा कधी म्हणाले नाहीत. नवी डिस्क घेतली गेली.

त्यानंतर माझे काम कमी होत गेले. नव्या डिस्कनंतर आणखी नवी आली, मग फोटो डिस्कमध्ये राहायचेच बंद झाले, कुठेतरी दूर जाऊ लागले. मोएलागी मुलाकडे ऑकलंडला गेली. एतुआतीने लग्न केले आणि तो पागो पागोला राहतो, कायमचा एक दिवस मागे. मला खणात ठेवले गेले. मला वाटते की मी अजून चालू शकते, पण याची खात्री मला नाही.

मध्यंतरी एकदा मला बाहेर काढले होते. वर्तमानपत्राचा विशेष अंक निघायचा होता आणि नव्या फोटो संपादकांना जुने फोटो हवे होते. माझी तार शोधून मला जोडले. कित्येक वर्षांनी तबकड्या फिरल्या, मी आनंदाने खरखरले. त्यांनी माझे फोटो तारखेप्रमाणे लावले आणि भराभर खाली आले. सोमवार, मंगळवार, बुधवार, गुरुवार. चटईच्या त्या शुक्रवारी माझ्यात एकही फोटो नव्हता. एतुआती कॅमेरा ठेवून गेला होता ना.

"या दिवशी काही घडलेलं दिसत नाही," ते म्हणाले आणि पुढे गेले.

मी ओरडले असते, पण मला आवाज नाही. ज्या दिवशी मी चटईखाली बसले, ज्या दिवशी एका म्हाताऱ्याला त्याचा सोमवार परत मिळाला, तो माझ्या रांगेत रिकामा आहे. आणि सरकारने नेलेल्या ज्या शुक्रवारी खरोखरच काही घडले नाही, तोही माझ्या रांगेत तसाच रिकामा आहे. दोन्हींत फरक कसा ओळखायचा, हे माझ्याकडे पाहून कोणालाही कळणार नाही. मलाही कळले नसते.

म्हणून मित्रांनो, एक विनंती आहे. तुम्हीही आता फोटो काढता, घरोघरी काढता. ते जपा. कापले तरी मूळ फोटो ठेवा, जागा नाही म्हणून फेकू नका, आणि माझ्यासारखी एखादी जुनी डिस्क खणात दिसली तर तिची तार तिच्याजवळच ठेवा. पण आमच्यात जे सापडणार नाही ते घडलेच नाही, असे समजू नका. तो शुक्रवार तुम्हांला हवा असेल तर दक्षिण किनाऱ्यावर जा. इओपुबाबा आता नाहीत. वाओइता आहे, त्याच घरात. तिला विचारा. तिला वार आठवतो.